भुताची फिर्याद आणि न्यायाधीश डी

अभ्यासाचे पुस्तक बाजूला सारून पोराने गुप्तहेर कथा हातात घेतली की घरातील वडील मंडळी चिडतात. त्यातून कथेत भूत असले, तर मग विचारूच नका! "आपल्या लोकांत अंधश्रद्धा काय कमी आहे, म्हणून हे आणखी वाचायचे?" असे आपले कार्यकर्तेही विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे. गावोगाव भोंदू बाबांची दुकाने चालू असताना भुताच्या गोष्टींचे कौतुक कोणी करावे? परंतु वाचकहो, सगळ्याच पुस्तकांतील भुते सारखी नसतात. एखादे भूत वाचकाची बुद्धी झोपवते, तर एखादे ती जागी करते. आज ज्या पुस्तकाची ओळख करून देणार आहे, ते दुसऱ्या प्रकारचे आहे. पुस्तक चीनचे, वातावरण तेथील पुराणकथांचे. पण वाचताना मला मात्र आपले जिवती आणि एटापल्ली तालुके आठवत राहिले. ते का, हेच आज सांगायचे आहे.

पुस्तक आणि त्याचा भाषांतरकार

पुस्तकाचे नाव 'सेलिब्रेटेड केसेस ऑफ जज डी', म्हणजे न्यायाधीश डी यांचे गाजलेले खटले. मूळ कादंबरी एका अज्ञात चिनी लेखकाची. डच विद्वान रॉबर्ट व्हान ग्युलिक यांनी तिच्या पहिल्या भागाचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९४९ साली ते टोकियो येथे छापून घेतले. इंग्रजी अवघड नाही. शब्दकोश जवळ ठेवला तर बारावी झालेला मुलगाही ते वाचू शकेल. पुढे ग्युलिक यांनी याच न्यायाधीशाला नायक करून 'द चायनीज मेझ मर्डर्स', 'द हाँटेड मॉनेस्टरी' अशा स्वतःच्या कादंबऱ्याही लिहिल्या.

ग्युलिक (१९१०–१९६७) हे परराष्ट्र खात्यातील अधिकारी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते चीनमधील चुंगकिंग येथे होते आणि १९५१ ते १९५३ या काळात दिल्लीच्या वकिलातीत होते. चिनी आणि जपानी भाषांबरोबर संस्कृतचाही त्यांचा व्यासंग होता. चीन आणि जपानमध्ये संस्कृतचा अभ्यास कसा झाला, बौद्ध भिक्खूंमुळे 'सिद्धम्' ही लिपी तिकडे कशी रुजली, यावर त्यांनी 'सिद्धम्' नावाचाच ग्रंथ लिहिला. हा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही आपल्या नागपुरातून! ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेच हे वर्ष. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून मोठा अर्थ काढू नये. पण दूरदेशीच्या लेखकाची आपल्या भागाशी अशी गाठ पडली की पुस्तक परके वाटत नाही.

न्यायाधीश डी हे निव्वळ काल्पनिक पात्र नव्हे. ती जेन-च्ये (इ. स. ६३०–७००) नावाचा एक करारी अधिकारी थांग राजवटीत खरोखर होऊन गेला. सम्राज्ञी वू हिच्या दरबारात तो मंत्रिपदापर्यंत चढला. कादंबरीतील डी मात्र अजून जिल्ह्याच्या ठिकाणचा अधिकारी आहे. जुन्या चीनमध्ये हा अधिकारी म्हणजे आपल्याकडील तहसीलदार, ठाणेदार आणि न्यायाधीश असे तिघे एकाच खुर्चीत. सारा तोच गोळा करणार, तपास तोच करणार आणि शिक्षाही तोच सुनावणार.

साक्ष देणारे भांडे

चीनमध्ये अशा गुप्तहेर-न्यायाधीशांच्या कथांची परंपरा फार जुनी आहे. युरोपात शेरलॉक होम्स जन्मण्याच्या कितीतरी आधी तिकडे लोक बाजारात बसून या कथा ऐकत होते. ग्युलिक यांनी आपल्या प्रस्तावनेत त्यांची काही लक्षणे सांगितली आहेत. गुन्हेगार कोण हे पुष्कळदा सुरुवातीलाच कळते. पात्रांची गर्दी असते. शिक्षेचे वर्णन बारकाईने येते. आणि मुख्य म्हणजे, भुते व दैवी शक्ती कथेत मोकळेपणाने वावरतात. जनावरे साक्ष देतात, घरातील भांडी साक्ष देतात, आणि न्यायाधीश प्रसंगी पाताळात जाऊन तेथील न्यायाधीशाशी विचारविनिमय करून येतो.

या परंपरेतील सर्वात लोकप्रिय न्यायाधीश म्हणजे पाओ. हाही खरा माणूस, काळ इ. स. ९९९ ते १०६२. त्याची एक कथा सांगतो. एक व्यापारी प्रवासात एका कुंभाराकडे मुक्कामाला राहतो. पैशाच्या लोभाने कुंभार नवरा-बायको त्याचा खून करतात, प्रेत भट्टीत जाळतात आणि राख मातीत मिसळून तिचे काळे भांडे बनवतात. पुढे एक गरीब म्हातारा उधारीपोटी ते भांडे घरी नेतो, तर भांडे बोलू लागते आणि आपली हकिगत सांगते. म्हातारा ते घेऊन पाओच्या कचेरीत जातो. तेथे मात्र भांडे गप्प! का, तर कचेरीच्या दारावरच्या द्वारपाल देवता भुताला आत येऊ देत नाहीत. न्यायाधीश त्यावर तोड काढतो, मग साक्ष होते आणि खुनी पकडले जातात.

ही कथा नुसती चमत्काराची नाही. मेलेल्याला आवाज नाही, म्हाताऱ्याला वजन नाही आणि कचेरीच्या दारावर अडवणारे आहेत! आपल्यापैकी कितीजणांनी हा अनुभव घेतला नसेल? गरिबाला कचेरीचे दार उघडत नाही, हे चीनच्या सामान्य माणसाला ठाऊक होते. म्हणून त्याने कथेत भांड्याला बोलायला लावले. तेथील भूत हे बहुधा अन्याय झालेल्याचे भूत आहे. ते येते ते फिर्यादी म्हणून.

यमराज चीनला कसे गेले?

या कथांतील पाताळाचा राजा म्हणजे येन-लो. हे नाव आपल्या यमराजाचेच चिनी रूप आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर यमाची कल्पना चीनला गेली, आणि तेथील लोकांनी तिला आपल्या सरकारी कचेरीचा पोशाख चढवला. चिनी लोककथेतील नरकात दहा न्यायालये आहेत, कारकून आहेत, नोंदवह्या आहेत. न्यायाधीश पाओ दिवसा माणसांचे आणि रात्री भुतांचे खटले चालवतो, अशीही समजूत आहे. इकडून कल्पना गेली, तिकडे तिची गोष्ट झाली, आणि ती गोष्ट इंग्रजीतून फिरून आपल्याकडे आली.

असाच दुसरा प्रवास ह्युएन त्संग या भिक्खूचा. तो इ. स. ६२९ च्या सुमारास चीनमधून निघाला आणि ६४५ मध्ये ग्रंथांचे ओझे घेऊन परतला. त्या वेळी आपला न्यायाधीश डी पंधरा वर्षांचा पोर होता. या खऱ्या प्रवासावर पुढे सोळाव्या शतकात वानरराजाची प्रचंड पुराणकथा रचली गेली. राक्षस आणि मायावी वानर यांच्या गर्दीत मूळ प्रवासी बाजूलाच राहिला. खऱ्या ह्युएन त्संगाने मात्र दक्षिणेकडील कोसल देशाचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथील राजा बौद्ध धम्माचा आदर करणारा होता आणि सुमारे शंभर विहार होते, असे तो सांगतो. या कोसलाची राजधानी कोणती यावर विद्वानांचा वाद आहे. कनिंगहॅम यांनी चांदा सुचवले. इतरांनी भांदक आणि वैरागड ही नावेही पुढे केली. नंतरच्या अभ्यासकांचा कल छत्तीसगडमधील सिरपूरकडे आहे. वाद काही असो, भद्रावतीच्या विजासन टेकडीतील बौद्ध लेणी आपल्या डोळ्यांसमोर आहेत. पुराणकथा वेगळी आणि दगडात कोरलेला पुरावा वेगळा, हा भेद मुलांना शिकवायला त्या लेण्यांइतकी चांगली शाळा नाही.

दोन खटले

आता कादंबरीकडे वळू. तिच्यात तीन खटले आहेत आणि ते एकमेकांत गुंफलेले आहेत. पहिला, पहाटे झालेल्या दुहेरी खुनाचा; त्याचे रहस्य मी फोडत नाही. दुसरे दोन मात्र सांगणे भाग आहे.

न्यायाधीश डी वैद्याचा वेष घेऊन गावात फिरत असतो. औषध मागायला आलेल्या एका म्हातारीशी बोलताना त्याला कळते की तिचा तरणाताठा मुलगा अचानक मेला आणि त्यानंतर तिची लहानगी नात एकाएकी मुकी झाली. डीच्या मनात पाल चुकचुकते. पुढे त्याला मृताचे भूत जाणवते, देवळात स्वप्न पडते. इथे अद्भुताचा भाग येतो. पण भूत दिसले म्हणून तो कोणाला फासावर देत नाही. तो थडगे उघडून प्रेत तपासतो, तर अंगावर जखम नाही, विषाची खूण नाही! मृताची विधवा भर कचेरीत त्याच्यावर उलटते. निष्कारण थडगे उकरल्याबद्दल आता न्यायाधीशावरच शिक्षेची पाळी येऊ शकते, आणि डी ती जबाबदारी झटकत नाही. तपास चालूच राहतो. शेवटी शेजारच्या घरात निघणारा चोरवाटेचा भुयारी मार्ग सापडतो, प्रियकर सापडतो आणि मृताच्या डोक्यात टाळूवर ठोकलेला खिळा सापडतो. केसांत तो कोणालाच दिसला नव्हता.

तिसरा खटला नव्या नवरीचा. लग्नाच्या रात्री चहा पिऊन ती मरते. वरातीच्या थट्टामस्करीत एका तरुणाचे मुलाच्या बापाशी भांडण झालेले असते आणि रागाच्या भरात "तीन दिवसांत बघून घेईन" असे काहीसे तो बोललेला असतो. झाले! साऱ्या घराने त्याच्याकडे बोट दाखवले. डी मात्र विचारतो, चहाचे पाणी कोठे तापवले? कोणी तापवले? वर काय होते? मग तो त्याच जागी, तशीच चूल पेटवून, तसेच पाणी उकळायला लावतो आणि वाट पाहत बसतो. वाफ वर जाते आणि कुजलेल्या तुळईतून साप डोके बाहेर काढतो. त्याच्या तोंडातील विष खाली भांड्यात ठिबकते. खुनी कोणी नव्हताच! भांडणात बोललेल्या एका वाक्यावरून एक निरपराध माणूस मरणार होता.

हा शेवटचा खटला मी एका वस्तीत महिलांच्या बैठकीत सांगितला. नंतर एक वृद्ध बाई म्हणाल्या, "भाऊ, त्या सायबानं बुढीचं बोलनं आयकलं मनून पयला खून सापडला, अन् इथं साप शोधला मनून पोरगा वाचला. आपल्या गावात बुढीचं कोन आयकते? घरात कोनी मेलं का तिलेच जादूवाली मनते." त्या बाईंनी जे सांगितले, ते मला त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतही सापडले नव्हते.

आपल्याकडचे भूत आरोप करते

चीनच्या कथेत भूत फिर्याद घेऊन येते आणि न्यायाधीश पुरावा शोधतो. आपल्या खेड्यांत याच्या नेमके उलटे चालते. येथे भूत, करणी, भानामती यांचा उपयोग जिवंत माणसावर आरोप ठेवण्यासाठी होतो. पोर आजारी पडले, म्हैस मेली, धान करपले की कोणाच्या तरी अंगात येते आणि एक नाव घेतले जाते. ते नाव पाटलाचे किंवा सावकाराचे कधी ऐकले आहे का? ते असते विधवेचे, एकट्या म्हातारीचे, गावकुसाबाहेरच्या गरिबाचे. तपास नाही, साक्ष नाही, उलटतपासणी नाही. अंगात आलेली व्यक्ती तीच फिर्यादी, तीच साक्षीदार आणि गर्दी हाच न्यायाधीश.

२१ ऑगस्ट २०२१ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात दलित स्त्री-पुरुषांना भर गावात बांधून मारहाण झाली. त्यांत सत्तरी गाठलेली माणसेही होती. १ मे २०२४ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या रात्री, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे अशाच संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांचा जीव घेऊन त्यांना जाळण्यात आले. या घटना कादंबरीतल्या नाहीत. आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या आहेत, आणि कालपरवाच्या आहेत.

मी कारकून माणूस. आमच्या हिशेबात पावतीशिवाय एक रुपयाचा खर्च पडत नाही. चहाचे बिल जोडले नाही तर लेखापरीक्षक हरकत काढतो. मग माणसाचा जीव घेणारा आरोप विनापावती कसा पडतो? ज्याने नाव घेतले त्याला कोणीच का विचारत नाही, की बाबा, तुझ्याकडे आधार काय?

तुळईतला साप आपल्याकडेही आहे

त्या चिनी नवरीचा साप आपल्याला फार जवळचा आहे. आपल्या भागातील मण्यार हा साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. दात बारीक, वेदना जवळजवळ नाही, सूज नाही, खूण शोधूनही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन खाली येतात, मान धरवत नाही, गिळता येत नाही आणि अखेर श्वास बंद पडतो. संध्याकाळी धडधाकट असलेला माणूस सकाळी मेलेला, अंगावर जखम नाही! गाव म्हणते, करणी केली. डीने उघडलेल्या थडग्यासारखीच ही गोष्ट आहे. खिळा होता, पण केसांत होता.

गडचिरोलीचा हिवताप डोक्यात चढला तर माणूस बडबडतो, झटके देतो. लोक म्हणतात, भूत शिरले. सिकलसेलचा आजार आदिवासींत आहे, तसाच विदर्भातील आपल्या समाजातही आहे. त्याचे मूल वारंवार हातपाय दुखून विव्हळते, पिवळे पडते. शेजारीण म्हणते, कोणाची तरी नजर लागली. प्रत्येक ठिकाणी तुळईत साप आहे, पण वर बघायला कोणी तयार नाही.

म्हणून घरातील बायाबापड्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्यात जमिनीवर न झोपता खाटेवर झोपावे, मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. पहाटे अचानक पोटदुखी आणि पापण्या मिटू लागल्या, तर देवऋषी नको, सरळ सरकारी दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष असते. मंत्र घालण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमुक व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असे भासवून तिला त्रास देणे, मारहाण करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरी उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिवाय अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर जादूटोण्याचा आळ घेऊन त्या समाजांबाहेरच्या कोणी इजा किंवा छळ केला, तर २०१५ च्या दुरुस्तीपासून अॅट्रॉसिटी कायद्याखालीही तो गुन्हा ठरतो. तक्रार लिहिताना दोन्ही कायद्यांची नावे घालायला विसरू नये.

न्यायाधीश डी यांचेही लेखापरीक्षण

आता पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत. आवडले म्हणून डोळे झाकून घ्यावेत, तर मग आपण काय शिकलो?

पहिला दोष, छळ. जुन्या चीनच्या कायद्यात आरोपीने कबुली दिल्याशिवाय शिक्षा होत नसे, आणि कबुली काढण्यासाठी कचेरीतच मारहाण होत असे. डीही त्या विधवेला यातना देतो. ती खरोखर गुन्हेगार होती म्हणून वाचक ते सहन करतो. पण ती निरपराध असती तर? आपल्याकडे करणीचा आळ असलेल्या बाईला मारून मारून "हो, मीच केले" असे वदवून घेतात, त्यात आणि यात फरक तो काय राहिला? आपल्या देशात १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. हे तत्त्व गरिबाचे मोठे संरक्षण आहे.

दुसरा दोष अधिक विचार करण्यासारखा. छळ करूनही विधवा कबूल होत नाही, तेव्हा डी एक नाटक रचतो. रात्री अंधारात नरकाचा देखावा उभा करतो, आपल्या शिपायांना यमदूत बनवतो आणि स्वतः यमराज होऊन बसतो. ती घाबरते आणि सगळे सांगून टाकते. वाचताना अंगावर काटा येतो. पण जरा थांबून पाहा. ज्या न्यायाधीशाने चुलीजवळ बसून प्रयोगाने साप शोधला, तोच येथे बाबाचे सोंग घेतो. चांगल्या कामासाठी का होईना, पण लोकांच्या भीतीवर स्वार होणे हाच तर भोंदूचा धंदा. सत्य शोधण्यासाठी असत्याचा मांडव घालावा का, हा प्रश्न मुलांपुढे जरूर टाकावा. माझे उत्तर 'नाही' असे आहे.

तिसरा दोष गमतीचा आहे. सापाचे विष हे प्रथिन असते. ते रक्तात न मिसळता पोटात गेले तर सहसा माणूस मरत नाही. म्हणजे त्या नवरीच्या मृत्यूचा उलगडा आजच्या विज्ञानाच्या परीक्षेत उतरत नाही! भूत बाजूला सारले म्हणून उत्तर आपोआप बरोबर येत नाही. ते उत्तरही तपासावे लागते. लेखकाच्या काळी हे ज्ञान नव्हते, त्याला दोष देऊ नये. त्याची पद्धत मात्र आजही बरोबर आहे. आधी जागा पाहा, मग प्रयोग करा आणि नाव सर्वात शेवटी घ्या.

मराठी वाचकांसाठी

मराठी वाचकाला हा प्रांत अगदीच नवा नाही. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय-छोटू, झुंजार, काळा पहाड यांनी एका पिढीला वाचनाची सवय लावली. ज्यांच्या घरात पुस्तकाचे कपाट नव्हते, त्यांनीही चार आणे भाड्याने आणून ते वाचले. पुढे नारायण धारप (१९२५–२००८) यांनी 'समर्थ' हा नायक उभा केला. तो अतींद्रिय शक्तींशी झुंजतो आणि अप्पा जोशी त्याच्या हकिगती सांगतात. अर्नाळकरांकडे गुन्हेगार माणूस असतो, धारपांकडे अमानवी शक्ती. चिनी कादंबरी या दोहोंच्या मध्ये उभी आहे: भूत येते, पण निकाल माणसाने शोधलेल्या पुराव्यावर लागतो.

म्हणून आईवडिलांना माझी विनंती आहे की मुलांच्या हातातून अशी पुस्तके हिसकावून घेऊ नका. ती त्यांच्याबरोबर वाचा. विहारात रविवारी मुले जमतात, तेथे एक खटला अर्धा सांगा आणि थांबा. विचारा, आतापर्यंत पुरावा काय मिळाला? कोण नुसते बोलले आणि कोणी डोळ्यांनी पाहिले? वहीत दोन रकाने पाडा, एका बाजूला ऐकीव आणि दुसऱ्या बाजूला पाहिलेले. मुले हा खेळ फार आवडीने खेळतात. परंपरेने चालत आले म्हणून, किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, ही भगवान बुद्धांची कालामांना दिलेली शिकवण त्यांना वेगळी पाठ करून द्यावी लागत नाही. ती खेळता खेळता अंगी येते.

हीच मुले उद्या पोलीस पाटील होतील, शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेवक होतील. एखाद्या रात्री गावात कोणाच्या तरी अंगात येईल, एका म्हातारीचे नाव घेतले जाईल आणि गर्दी तिच्या दाराकडे निघेल. त्या वेळी गर्दीत एक जरी माणूस असा निघाला की ज्याने "थांबा, आधी पुरावा दाखवा" असे म्हटले आणि पोलिसांना फोन लावला, तर त्या म्हातारीचा जीव वाचेल. अशी माणसे घडवायला लागणारे साहित्य आपल्या घरातच आहे: एक पुस्तक, एक वही आणि संध्याकाळचा एक तास.